न सांगितलेला विनोद

'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी असायची. तिचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक इंदूरने १ जानेवारी २०२१ ला करून दाखवलं. छप्पन दुकानच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकीचा विनोदाचा कार्यक्रम होता. देवादिकांच्या अपमानाची तक्रार घेऊन एका आमदारांचे चिरंजीव मंडळींसह तिथे अवतरले, कार्यक्रम बंद पडला आणि विनोदवीर थेट तुकोगंज ठाण्यात. 'त्याने अजून तो विनोद सांगितलाच नव्हता,' असं सोबतचे सांगत राहिले. त्याने देवादिकांचा अपमान केल्याची चित्रफीत हाती नाही, असं पोलिसांनीच बातमीदारांना सांगितलं. पण भावनेला पुरावा लागत नाही. पोह्यांवरच्या शेवेसारखी ती आमच्याकडे वरून भुरभुरतातच.

२८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात न्या. नरिमन आणि आपले अमरावतीचे न्या. गवई यांनी तो दिला. अटकेआधी पाळायची प्रक्रिया पाळलीच नाही, हा तिथला मुद्दा. म्हणजे कलम १९ च्या भाषणस्वातंत्र्यापर्यंत गाडी पोचलीच नाही, ती अटकेच्या कागदावरच अडली! तरी तुरुंगाचं दार उघडायला दुसऱ्या दिवशीची रात्र उजाडली.

तेव्हापासून साउथ तुकोगंजात, नाथमंदिराच्या बाजूला, आमचे काका बारशालाही विनोद सांगण्याआधी खिडकी लावून घेतात. मग विचारतात, ''हसण्याची तयारी आहे ना सगळ्यांची? सही करा.''