धरणदर्शनमीमांसा : बारवी खंड

बारवी धरणावर करण्यासारखं काहीही नाही. हे विधान निंदा नव्हे, प्रमेय आहे. आणि पुढचं सगळं विवेचन त्यावर उभं असल्यामुळे ते आधी सिद्ध करायला हवं. नौकाविहाराची सोय नाही. पाण्यात उतरायला मनाई. भिंतीवर जायला मनाई. पावसाळा सुरू झाला, की ठाण्याचे जिल्हाधिकारी जिल्ह्यातली धरणं, धबधबे आणि तलाव यांच्या परिसरासाठी मनाई आदेश काढतात. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि आता तो कलम १६३ खाली निघतो. म्हणजे बंदी तीच, फक्त आकडा वाढला. तरीही पहिला दमदार पाऊस झाला, की पुढच्या रविवारी बदलापूर पश्चिमेहून उल्हास नदी ओलांडून मुळगावच्या दिशेने रेनकोटांची जी रांग लागते, ती पाहता ‘करण्यासारखं काही नाही’ हेच या स्थळाचं मुख्य आकर्षण असावं, असं मानण्यावाचून अभ्यासकाला गत्यंतर उरत नाही.

आपल्याकडे कोणत्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगायची पद्धत आहे : अधिकारी कोण, विषय काय, प्रयोजन काय आणि यांचा परस्परसंबंध काय. धरण बघण्याचं शास्त्र अद्याप कोणी लिहिलेलं नसल्यामुळे ही पद्धत आम्ही निर्धास्तपणे उचलत आहोत.

त्याआधी संप्रदायभेद. महाराष्ट्रात धरण बघण्याचे ठळक संप्रदाय तीन. पहिला भुशी संप्रदाय. लोणावळ्याचं हे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं गेली, पायऱ्या राहिल्या. या संप्रदायात धरण बघत नाहीत, धरणावर बसतात. आणि बसणाऱ्यांच्या गर्दीमुळे धरण दिसत नाही, ते दिसावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. दुसरा भंडारदरा संप्रदाय. हा थोडा कुलीन. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्याखालचा छत्रीसारखा पसरणारा धबधबा, पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे असा सगळा सरंजाम तिथे असल्यामुळे धरण हे निमित्तमात्र ठरतं. तिसरा बारवी संप्रदाय. यात बसणं नाही, काजवे नाहीत. यात माणूस दूर उभा राहतो आणि धरणाकडे बघतो. म्हणून धरणदर्शनाचं शुद्ध रूप अभ्यासायचं, तर बारवीलाच यावं लागतं.

आता विषय. बारवी ही उल्हासची उपनदी. तिच्यावरचं हे धरण पाटबंधारे खात्याचं नाही, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे एमआयडीसीचं आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाला कारखान्यांसाठी पाणी हवं होतं. कारखान्यांपाठोपाठ वस्त्या आल्या, वस्त्यांपाठोपाठ महानगरपालिका आल्या, आणि यंत्रांसाठी साठवलेलं पाणी लोक पिऊ लागले. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. आज पाण्याची पातळी ७२.६० मीटरला पोचली, की धरण भरलं असं म्हणतात. त्या वेळी पोटात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी असतं.

हा आकडा ऐकून कोणाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नाही, हे आम्ही वारंवार तपासलेलं आहे. म्हणून मापांची थोडी चर्चा अपरिहार्य आहे. धरणाचं पाणी मराठी माणूस चार मापांत मोजतो आणि त्यावरून त्याची जात कळते. ‘दलघमी’ म्हणणारा हा अभियंता किंवा निवृत्त अभियंता. ‘टीएमसी’ म्हणणारा मूळचा सातारा-सांगली-सोलापूरचा. त्याच्या मनात कोयना असते. कोयनेचे १०५ टीएमसी सांगून तो बारवीचे १२ टीएमसी ऐकतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’मध्ये पावणेनऊ बारवी बुडतात. ‘क्युसेक’ म्हणणारा पूररेषेच्या आत राहतो, त्याची चेष्टा करू नये. उरलेले सगळे ‘टक्के’वाले. किती टक्के भरलं? टक्क्यांना धरणाच्या आकाराशी देणंघेणं नसतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत तुळशी सगळ्यात लहान, ८०४ कोटी लिटरच्या आसपास. पण तो भरून वाहू लागला, की त्याची बातमी फोटोसकट येते. बारवीत तसे चाळीसहून अधिक तुळशी मावतील. पण बारवी त्या सातांत नाही, त्यामुळे तिच्या टक्क्यांसाठी ठाण्या-कल्याणच्या पुरवणीचं आतलं पान उघडावं लागतं.

आम्ही एक पाचवं माप सुचवतो : हंडा. वीस लिटरचा हंडा धरला, तर भरलेल्या बारवीत १,७०० कोटी हंडे पाणी मावतं. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळासकट, दोन-दोन हंडे देऊन वर थोडं उरतं. या माहितीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याने हा प्रबंध इथेच मिटवावा.

अधिकारी हे प्रकरण मात्र गहन आहे. धरण बघण्याचा अधिकार कोणाला? निरीक्षणावरून पाहता, येणाऱ्यांत पहिला येतो तो डोंबिवलीकर. दुचाकी, मागे बायको, दोघांमध्ये पोर, पोराच्या अंगावर मापाने मोठा रेनकोट आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. ही पिशवी या शास्त्रातलं मुख्य उपकरण होय. तिच्यातून काढलेल्या फोटोत धरण धूसर येतं, आणि धुकं होतं असं सांगता येतं. दुसरा उल्हासनगरकर. तो गाडीने, तीन पिढ्यांसह येतो, आणि डबे इतके, की धरण बघायला वेळ कमी पडतो. दमट हवेत डाळ-पकवानातलं पकवान किती वेळ कुरकुरीत राहतं, यावर त्या गाडीत जे प्रयोग चालतात ते प्रकाशित झाले पाहिजेत. डाळीच्या बाजूने आमचं मत आधीच पक्कं आहे. तिसरा ट्रेकर. त्याला सिद्धगड किंवा गोरखगड गाठायचा असतो, बारवी फक्त वाटेत लागते. तो गाडीतून न उतरता धरणाकडे बघतो. चांगले बूट घातलेल्या माणसाला सपाट जागेवर उभं राहून काही बघण्याची लाज वाटते, हे या वर्गाचं लक्षण.

चौथा अधिकारी म्हणजे यजमान, अर्थात बदलापूरकर. पावसाळ्यात याच्याकडे पाहुणे येतात आणि पाहुण्यांना दाखवायला ‘आमचं धरण’ असतं. कोंडेश्वरचं कुंड दाखवावं तर तिथेही मनाई. चंदेरी गड चढावा तर मेहुण्यांचे गुडघे. अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, वालधुनीच्या काठचं. पण साडेनऊशे वर्षं ते हललेलं नसल्यामुळे पुढच्या वेळी बघू म्हणता येतं. धरणाचं तसं नसतं. ते आज अमुक टक्के आहे, उद्या तमुक. म्हणून धरण. मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या जाताना चढायच्या की येताना, यावर गाडीत मतभेद होतात आणि बहुधा पायथ्याशीच नमस्कार होतो.

पाचवा अधिकारी सुरक्षारक्षक. तो धरण रोज बघतो, त्यामुळे या शास्त्राच्या दृष्टीने त्याने ते कधीच बघितलेलं नाही. पण त्याच्याशिवाय हा विधी पुरा होत नाही. संवाद ठरलेला असतो.

“साहेब, पुढं जाता येणार नाही.”

“जायचंय कुठं? बघायचंय फक्त.”

“इथनं बघा की मग.”

“इथून दिसत नाही नीट.”

“नीट बघून काय करणार?”

या शेवटच्या प्रश्नावर आजवर कोणाही पर्यटकाने उत्तर दिल्याची नोंद नाही.

मग प्रयोजन. ते एका ओळीत आटोपतं : सोमवारी सांगता यावं. “काल बारवीला गेलो होतो.” “किती भरलंय?” “फुल्ल.” या तीन वाक्यांसाठी भिजणं, खड्डे आणि फाटकाशी झालेली हुज्जत असा सगळा खर्च केलेला असतो, आणि तो वसूल होतो.

याच संदर्भात हल्ली ‘अनवट’ ठिकाणांचा जो शोध चालतो, त्याचाही विचार करू. जिथे कोणी जात नाही तिथे जायची इच्छा एकाच रविवारी सगळ्यांना होते, ही या छंदातली मूळ अडचण. अनवटपणा मोजायचं आमच्याकडे एक साधं परिमाण आहे : मक्याची कणसं. वाटेवर कणीस भाजणारा एकही नसेल, तर जागा खरोखर अनवट आहे आणि तुम्ही वाट चुकलेले असण्याचा संभव आहे. एक शेगडी दिसली, तर जागा उत्तम. शेगड्या वाढल्या आणि भज्यांची कढई चढली, की अनवटपणा संपला. पुढे फक्त वाहनतळाचा प्रश्न उरतो. लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस हाती आलं, की हा नियम कोणाच्या लक्षात राहत नाही, आमच्याही नाही. मात्र याच पट्ट्यातल्या ठाकूर-कातकरी बायका बाजारात टोपलीभर टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन बसतात, त्यांच्याकडे पर्यटक वळत नाही. जंगल बघायला आलेला माणूस जंगलातली भाजी न घेता जातो, हे कोडं आम्हांला सुटलेलं नाही.

आता संबंध. बाकी तीन गोष्टी तुम्ही विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. बारवीतून सोडलेलं पाणी नळात थेट येत नाही. ते आधी बारवी नदीच्याच पात्रातून वाहतं, उल्हासला मिळतं, आपटीच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि मग जलवाहिन्यांतून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई करत पार मीरा-भाईंदरला जातं. उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही. तिचं पाणी एमआयडीसीकडून विकतच येतं. म्हणजे मीरा रोडचा गृहस्थ रविवारी पहाटे निघतो, दोन लोकल बदलतो, बदलापूरला उतरून रिक्षा करतो आणि जे पाणी त्याच्या घरी यायला निघालेलं आहे त्याचीच भेट घेतो. जगातलं कोणतंही दुसरं पर्यटनस्थळ पर्यटकाच्या घरी जात नाही. ताजमहाल आग्र्यातच राहतो.

आणि ‘आमचं धरण’ म्हणणारा बदलापूरकर? त्याच्या शहराचं पाणी मुख्यतः उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून जीवन प्राधिकरण उचलतं. पाहुण्यांसमोर तो ज्या पाण्याची टक्केवारी अभिमानाने सांगतो, ते बहुतांशी पाहुण्यांचं असतं. हे त्याला सांगायची हिंमत आम्हांला झालेली नाही. तसं पाहिलं तर हा यजमानपणाचा परमोच्च आदर्शच म्हणायचा.

आणखी एक संबंध आहे, आणि त्याच्या बाबतीत पंडिती सूर लावता येत नाही. धरणाची उंची वाढवायचं काम झालं, तरी वाढीव पाणी बरीच वर्षं साठवता आलं नव्हतं, कारण तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावांतली माणसं तिथेच राहत होती. पुनर्वसन आणि घरटी एक नोकरी यांसाठी बारवीच्या प्रकल्पग्रस्तांनी दीर्घ काळ लढा दिला. २०१९ च्या पावसाळ्यात धरण प्रथमच ७२.६० मीटरपर्यंत भरलं. आपण ज्याला ‘फुल्ल’ म्हणतो त्या वरच्या चार मीटर पाण्याखाली कोणाचं तरी अंगण आहे. सोमवारच्या तीन वाक्यांत हे बसत नाही. पण धरण ‘नीट बघून काय करणार’ या रक्षकाच्या प्रश्नाला काही उत्तर असेलच, तर ते या दिशेला असावं.

आता साहस. बारवीला साहसाला वाव नाही असं समजून काही जण तो स्वतः निर्माण करतात : भिंतीखालच्या पात्रात खडकावर जाऊन उभे राहतात, कारण तिथून दरवाजे समोरून दिसतात. या धरणाला अकरा दरवाजे आहेत आणि ते स्वयंचलित आहेत. पातळी ठरलेल्या रेषेला पोचली, की ते आपोआप उघडतात. त्यासाठी कोणाचा हुकूम लागत नाही. खडकावर उभ्या असलेल्या माणसाने फोटो पुरा केला आहे की नाही, हे बघायची सोय त्यांच्यात नाही. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हास खोऱ्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आगगाडीला जे जमलं नाही ते रेनकोटला जमेल असं मानू नये.

म्हणून अभ्यासकांना विनंती : जायचंच असेल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात जा. तेव्हा धरण भरलेलं असतं, पावसाळी मनाईची मुदत बहुधा सरलेली असते आणि डोंगर अजून हिरवे असतात. रस्त्यावरूनच बघा, पात्रात उतरू नका, कणसाचं बुरकुंड पाण्यात टाकू नका. ते पाणी आधी उल्हासला मिळतं आणि मग कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातं.