पाच कोटींचं वजन

पडद्यावर पोर पळवलं जातं. मागून एक हात येतो, तोंडावर रुमाल दाबला जातो, काळ्या काचांच्या गाडीचं दार आपटतं. बघणाऱ्यांच्या हातातले शेंगदाणे हातातच राहतात. नेमक्या त्या क्षणी खोलीतल्या एकमेव हाताच्या खुर्चीतून अतिशय शांत आवाज येतो, "क्लोरोफॉर्मनं दोन सेकंदांत कुणी बेशुद्ध पडत नसतं. चार-पाच मिनिटं तरी हुंगावं लागतं."

असा एक माणूस प्रत्येक इमारतीत असतो. कुठे तो निवृत्त ओव्हरसीअर असतो आणि खलनायकाच्या अड्ड्याच्या भिंतीला ओल का आली ते सांगतो. कुठे कंपाउंडर असतो आणि गोळी लागलेला नायक पळतो कसा, म्हणून चिडतो. आमच्याकडे अप्पा आहेत. अप्पा बँकेत कॅशियर होते. सगळी हयात त्यांनी काचेच्या आत बसून दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात घालवली, आणि आता निवृत्तीनंतर ते गुन्हेगारांचे पैसे मोजतात.

अपहरणाची गोष्ट म्हटली की अप्पांना झोप येत नाही. खून त्यांना आवडत नाही. खुनात व्यवहार नाही, असं त्यांचं मत. चोरी ठीक आहे, पण एकतर्फी. अपहरणात मात्र मागणी आहे, घासाघीस आहे, मुदत आहे, रोख आहे, माल सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी आहे. थोडक्यात, अपहरण हे काउंटरचं काम आहे, आणि ज्यांनी आयुष्यात काउंटर पाहिला नाही असे लोक ते करतात, हे अप्पांचं खरं दुःख.

सध्या ते, आणि त्यांच्यामुळे आम्ही, ज्या मालिकेत अडकलो आहोत तिची गोष्ट अशी. एक घराणं आहे. तीन पिढ्या तस्करीत. वर एक म्हातारी आई, खाली चार मुलगे, सुना, एक रुसका मामा. या घरचा नातू शत्रुटोळीनं पळवलाय आणि पाच कोटी मागितलेत. आता हे लोक पोलिसांत जाऊ शकत नाहीत, कारण पोलीस त्यांनाच शोधताहेत. तेव्हा पोराला सोडवायचं ते घरच्यांनीच.

"बिचारे," अप्पा म्हणाले. "एफआयआरसुद्धा करता येत नाही हो त्यांना."

"तुम्ही केला होतात का, सायकल गेली तेव्हा?" काकू आतून म्हणाल्या.

"पावती सापडत नव्हती. फ्रेमचा नंबर पावतीवर होता." एवढं बोलून अप्पांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

पाच कोटींची मागणी आली तसे अप्पा सरसावून बसले. मोठा मुलगा ब्रीफकेस घेऊन, एका हातानं झुलवत, मोटारीतून उतरला आणि अप्पांनी कपाळाला हात लावला. मग जे प्रवचन झालं ते मी पुढे अनेकदा ऐकलं, पण पहिल्यांदा ऐकण्याची मजा वेगळीच. पाचशेच्या नोटांत पाच कोटी म्हणजे एक लाख नोटा. शंभराचं एक पॅकेट धरलं तर हजार पॅकेटं. एका नोटेचं वजन ग्रॅमपेक्षा थोडं जास्तच. म्हणजे नुसता कागद शंभर किलोच्या वर. "आणि हा गडी एका हातानं हलवतोय! ब्रीफकेसमध्ये कोंबून कोंबून साठ-पासष्ट लाख बसतील. आठ-नऊ ब्रीफकेसा लागतील. नाहीतर सरळ टेम्पो करायचा."

नोटांच्या पॅकेटावर कोरी पांढरी पट्टी होती. अप्पांनी चित्र थांबवायला लावलं. "शिक्का कुठाय? सही कुठाय? तारीख? उद्या पॅकेटात एक नोट कमी निघाली तर धरायचं कुणाला?" पलीकडच्या टोळीचा माणूस अंगठ्यानं पॅकेट फर्रकन उडवून "पूरे हैं" म्हणाला, तेव्हा मात्र अप्पा काहीच बोलले नाहीत. फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. पूर्वी पॅकेटांना पिना मारत. ते उचकटून उचकटून त्यांच्या नखाला कायमची खाच पडलीय. रिझर्व्ह बँकेनं पुढे पिनांना बंदी केली, पण खाच राहिली.

अप्पांच्या हिशेबानं अपहरणाचा सुवर्णकाळ १९७८ च्या आधीचा. तेव्हा दहा हजारांची नोट होती. पाच लाखांची खंडणी म्हणजे पन्नास नोटा, पाकिटात घालून पोस्टात टाकावी. त्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या आणि धंद्याचं कंबरडं मोडलं. शंभराच्या नोटांत तेच पाच लाख म्हणजे पन्नास पॅकेटं. तरी ती ब्रीफकेसमध्ये मावायची, म्हणून त्या काळच्या सिनेमातली ब्रीफकेस अप्पांना मान्य आहे. १९८७ मध्ये पाचशेची नोट आली, २००० मध्ये हजाराची परतली, २०१६ मध्ये दोन हजारांची आली, आणि तेवढ्यापुरतं पाच कोटींचं ओझं चौथाईवर आलं. २०२३ च्या मे महिन्यात ती नोटही मागे घ्यायचं ठरलं. "धोरण ठरवताना सगळ्यांचा विचार करतात," अप्पा म्हणाले, "याच लोकांच्या कंबरेचा कुणी केला नाही." ते हे गंभीरपणे म्हणतात की गमतीनं, ते काकूंनाही सांगता येत नाही.

बाकी तपासणीही सुरूच असते. बंद गिरणीत पोराला बांधून ठेवलंय आणि डोक्यावर पिवळा दिवा लोंबतोय. गिरणी बंद, मग मीटर चालू कसा? बिल कोण भरतं? कुणाच्या नावावर? फोनवर इन्स्पेक्टर खुणा करतो, अजून तीस सेकंद बोलत राहा. अप्पा म्हणतात, नव्या एक्स्चेंजमध्ये फोन लागला त्याच क्षणी नंबर कळतो, ही तीस सेकंदं जाहिरातीसाठी आहेत. खूण पटावी म्हणून दोन टोळ्यांनी एक नोट मधोमध फाडून निम्मी निम्मी वाटून घेतली, तेव्हा तर ते उठून उभेच राहिले. पन्नासपासून वरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून जास्त तुकडा असेल तरच पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे. म्हणजे दोन्ही तुकड्यांना निम्मे निम्मे मिळायला हरकत नाही. "पण मुद्दाम फाडली असं दिसलं तर नाकारणार. मी तर नाकारलीच असती. चेहरे बघा त्यांचे."

कायदाही त्यांच्याकडे तयार असतो. खंडणीसाठी अपहरणाचं कलम ३६४-अ दंडविधानात १९९३ मध्ये घातलं गेलं. जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली आणि ते आता १४०(२) झालं. शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. "शिवाय दंड," अप्पा म्हणतात, आणि या दोन शब्दांवर त्यांचा आवाज असा काही ठरतो की फाशीपेक्षा दंडाचीच भीती वाटावी.

या विषयातले त्यांचे दोन आवडते पुरुष आहेत. पहिला अमेरिकन तेलसम्राट जे. पॉल गेटी. १९७३ मध्ये रोममध्ये त्याचा सोळा वर्षांचा नातू पळवला गेला. मागणी एक कोटी सत्तर लाख डॉलरची. म्हातारा जगातला एक अतिश्रीमंत माणूस, आणि तो नाही म्हणाला. एकाचे दिले तर उरलेल्या नातवंडांनाही पळवतील, असा त्याचा हिशेब. पळवणारे दक्षिण इटलीतले, कॅलाब्रियाच्या माफियाचे. त्यांनी पोराचा कान कापून वर्तमानपत्राकडे पाठवला, तोही टपाल कामगारांच्या संपामुळे उशिरा पोचला. शेवटी म्हातारा राजी झाला, पण जेवढ्या रकमेवर करात सूट मिळेल तेवढीच पदरची घातली, साधारण बावीस लाख डॉलर. वरचे त्यानं आपल्या मुलाला कर्जाऊ दिले. चार टक्क्यांनी.

ही गोष्ट सांगताना बाकीचे लोक कानापाशी थांबतात. अप्पा थांबतात ते व्याजापाशी. "चार टक्के सरळव्याज की चक्रवाढ, ते कुठे लिहिलेलं नाही," ते हळहळतात. "आणि तारण काय घेतलं? पोरगा?"

दुसरा पुरुष त्यांना नावानं माहीत नाही, आणि म्हणूनच बहुधा तो जास्त जवळचा. १९३२ मध्ये विमानवीर लिंडबर्गचं तान्हं मूल पळवलं गेलं. पन्नास हजार डॉलर देऊनही मूल परत आलं नाही, ते मेलेलं सापडलं. त्या भागावरून अप्पा भराभर पुढे जातात, आवाज खाली आणून. पण खंडणी देताना एकेका नोटेचा नंबर टिपून ठेवलेला होता आणि बँकांना याद्या गेलेल्या होत्या. बहुतेक नोटा सोन्याच्या हमीवरच्या, पुढे चलनातून काढलेल्या. अडीच वर्षं सगळ्या देशाचे पोलीस फिरले. आणि १९३४ च्या सप्टेंबरात एका पेट्रोलपंपवाल्याला दहा डॉलरची तशी नोट आली. गिऱ्हाइकाचा संशय येऊन त्यानं मोटारीचा नंबर नोटेवरच पेन्सिलीनं लिहून ठेवला, आणि बँकेतल्या माणसानं ती नोट ओळखली. आरोपी हाउप्टमन सापडला तो असा.

"बंदूक नाही, पाठलाग नाही," अप्पा म्हणतात. "यादी समोर ठेवून नोट बघितली. बस्स. यावर सिनेमा काढा म्हणावं." मग जरा थांबून, "नोटेवर लिहायला नको होतं, ते चूकच. पण एक वेळ माफ."

लहानपणी अप्पांनी बाबूराव अर्नाळकर अधाशासारखे वाचलेत. बाबूरावांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि अप्पांचा दावा असा की वाचनालयात होत्या तेवढ्या सगळ्या त्यांनी पालथ्या घातल्या. झुंजार हा त्यांचा खास. कायद्याच्या पलीकडचा, पण गरिबाच्या बाजूचा. त्यामुळे मालिकेतलं तस्करांचं घराणं त्यांना मनातून आपलंच वाटतं. जन्मभर सही-शिक्क्याशिवाय पाऊल न टाकलेला माणूस वाँटेड लोकांची बाजू इतक्या हिरिरीनं घेतो, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पोलिसांची जीप दिसली की अप्पा पडद्याला सांगतात, "अरे डावीकडून निघा!"

सुटकेच्या तयारीचा भाग तर त्यांनी एक शब्द न बोलता पाहिला. आणि खरंच, लग्नघरासारखा होता तो भाग. म्हातारी मधोमध बसून यादी सांगत होती, कुणी गाडी बघायची, कुणी वाटेत थांबायचं. मामाला मानाचं काम मिळालं नाही म्हणून तो फुगून माडीवर बसला होता, धाकट्या सुनेनं त्याची समजूत काढून खाली आणला. पिस्तुलं मोजून वाटली. मोजून, हे अप्पांनी बोट दाखवून आमच्या लक्षात आणून दिलं. चारही भावांच्या गाड्या एकामागोमाग फाटकाबाहेर पडल्या, संगीत चढलं, आणि तेवढ्यात खुर्चीतून प्रश्न आला.

"म्हातारीजवळ कोण?"

"कोण म्हणजे?" मी विचारलं.

"सगळे गेले की हो. रोकड एका टोकाला पाठवायची आणि तिजोरी उघडी टाकायची? इकडे येऊन कुणी म्हातारीला उचललं म्हणजे?"

पुढच्या भागात नेमकं तेच झालं. पोरगं सुटलं आणि आजी पळवली गेली.

त्या रात्रीपासून आमच्या इमारतीत अप्पांची पत एकदम वाढली. वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं, जी आजवर त्यांना पाहून जिना बदलत, ती आता सतरंजी घेऊन खाली येतात. सोसायटीचे सेक्रेटरीही येतात, पण ते पार्किंगचा विषय काढतील म्हणून त्यांना टीव्हीच्या अगदी जवळ बसवतात. अप्पा आता बोलण्याआधी चष्मा पुसतात. त्यांचं भाकीत ऐकायला पोरं मालिका मध्येच थांबवतात, आणि पन्नास मिनिटांचा भाग दोन तास चालतो. काकू चहा टाकून टाकून थकल्या आहेत. परवा त्यांनी साखरेचा डबाच आणून अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "याचाही हिशेब मांडा एकदा."

शेवटच्या भागात आजीसाठी दहा कोटी मागितले. पोरांनी आधीच कॅल्क्युलेटर काढले होते, दोन लाख नोटा, सव्वादोनशे किलो, असा एकच गिल्ला झाला. भाऊ आपसांत बोलत होते, घर विकू, गोदाम विकू. बायका डोळे पुसत होत्या. आणि काकू पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला कुणी पळवलं तर तुम्ही किती द्याल?"

खोली गप्प झाली. एका पोरानं भाग थांबवला.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. प्रश्न टाळणारा माणूस नव्हे तो. "मोठी एफडी आहे ती," ते म्हणाले, "पण ती दोघांच्या नावावर आहे. मोडायची तर तुझी सही लागेल."

"मग?"

"शिवाय मुदतीआधी मोडली तर टक्काभर व्याज कापतात. मार्चमध्ये पुरी होतेय. तोवर थांबतील का ते?"

"थांबतील की," काकू रिकामे कप गोळा करत म्हणाल्या. "त्यांच्याकडे निदान कुणी मधे मधे बोलणार तरी नाही."