विभागीय समन्वयक महोदयांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री विभागीय समन्वयक यांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आरोग्य आणि दिव्यांग हक्क या दोन्ही दुर्घट विषयांचा पाठपुरावा करणाऱ्या पथकाचा कारभार आपण नागपुरातील दालनातून, खुर्चीस तिळमात्र तोशीस न लावता, ज्या निर्वेधपणे हाकीत आहात, त्याचे यथोचित गुणवर्णन आजवर कोणी केले नाही, ही उणीव भरून काढण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले. आपल्या जागी एखादा सामान्य बुद्धीचा मनुष्य असता, तर कार्यकर्त्यांचे ओझे तिप्पट झाले म्हणून त्याने मदतीची काही तजवीज केली असती. आपण तक्त्यातील रकाने तिप्पट केलेत. त्यांपैकी एक रकाना सिकलसेलचा. सिरोंच्याकडील एखादा तरुण, ज्याचे हातपाय धडधाकट दिसतात म्हणून ‘याला कसले अपंगत्व?’ असे प्रत्येक मेजावर विचारले जाते, त्याला समजावून, त्याच्या सोबत्याची मजुरी बुडवून, सुमारे 200 किलोमीटरवरील गडचिरोलीस वैद्यकीय मंडळाच्या दिवशी हजर करावे, तेथे तज्ज्ञ रजेवर असल्याचे ऐकून परत फिरावे, पुढल्या खेपेस 40 टक्क्यांच्या उंबरठ्याच्या अलीकडेच अडकलेला दाखला हाती पडला, तर फेरतपासणीचा अर्ज लिहून द्यावा, हा सारा खटाटोप आपल्या दप्तरी ‘भेटी : 1, निष्पत्ती : निरंक’ एवढ्या संक्षेपाने विराजमान होतो. उलट ज्याने एका सभागृहात चहाच्या निमित्ताने जमलेल्यांच्या सह्या घेऊन ‘जाणीवजागृती’ उरकली, त्याला आपण गेल्या बैठकीत श्रीफळ दिलेत. गुणग्राहकता म्हणतात ती हीच असावी.

त्या बैठकीविषयीही दोन शब्द. जून 2017 मध्ये नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम व्हाव्यात, असे कायदा सांगतो. आणि हेच कलम तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत साऱ्यांना ऐकवीत फिरणारे आपले पथक मासिक आढाव्यासाठी उद्वाहनाविना दुसऱ्या मजल्यावर पाचारण केले जाते. चाकाच्या खुर्चीतील सहकाऱ्यास चौघांनी उचलून वर आणीपर्यंत दहा मिनिटे गेली, तर पाचही जणांच्या हजेरीपुढे आपण ‘विलंब’ असा शेरा मारलात. समानतेचे तत्त्व इतक्या काटेकोरपणे अन्यत्र क्वचितच पाळले जात असेल. कर्णबधिर कार्यकर्तीस दुभाषी न देता ‘इतिवृत्त नंतर वाचावे’ असे फर्मावलेत, हेही तिच्या हिताचेच झाले. कारण आपले भाषण दीड तासाचे होते. (चहा मात्र उत्तम होता.)

एवढीच एक मसलत देण्याचे धाडस करतो : येत्या मंडळाच्या दिवशी आपण स्वतः सिरोंच्याहून पहाटेच्या एस.टी.ने एका अर्जदारास घेऊन निघावे, आणि सायंकाळी आपलाच तक्ता आपल्याच हस्ताक्षरात भरावा. प्रवासभत्त्याचे देयक तीन प्रतींत सादर करावे. मूळ तिकिटे जोडलेली नसल्यास ते नामंजूर होते, हा आपल्याच कचेरीचा शिरस्ता आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.