नळ कोरडा, फ्रीज ओला

आमच्या नावड्यात पाणी कुठून येईल याचा नेम नाही. नळ सोडून कुठूनही येतं. पावसाळ्यात छतातून येतं, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरातून आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत येतं, आणि वर्गणी वेळेवर जमली तर टँकरमधूनही येतं. म्हणून जुलैतल्या एका सकाळी स्वयंपाकघरात फ्रीजपुढे तळं दिसलं, तेव्हा मी आधी वर पाहिलं. सोसायटीत राहणाऱ्या माणसाची मान अशा वेळी आपसूक वरच जाते.

"वरच्यांना सांगून या," बायको म्हणाली.

वरचे पोहे खात होते. त्यांनी मला चहा दिला, मोरी दाखवली. ती खडखडीत होती. "आमच्याकडे तरी कुठे येतंय पाणी," म्हणून त्यांनी नळ सोडला. तो दोनदा खोकला आणि गप्प बसला.

खाली येऊन मी पाण्याचा रंग पाहिला. ही इकडची सवय. 2017 च्या ऑगस्टमध्ये पलीकडे तळोज्यात भटकी कुत्री निळी होऊन हिंडायला लागली होती. कारखान्यातल्या रंगाचा प्रताप. तेव्हापासून अनोळखी पाण्यात मी थेट पाय घालत नाही. हे पाणी मात्र नितळ होतं आणि गारही. गार म्हटल्यावर संशय फ्रीजकडे वळला.

कळंबोलीहून मेकॅनिक आला. त्याने फ्रीज उघडला नाही, मागे वाकला नाही, सॅकही खांद्यावरून उतरवली नाही. फ्रीजच्या अंगाला पालथा हात लावला, जुने वैद्य नाडी धरायचे तसा, आणि म्हणाला, "गॅस गेलाय."

"पण येतंय ते पाणी."

"तेच ना. गॅस जातो, मग पाणी येतं. अठ्ठावीसशे होतील."

आपल्याकडे माणसाला गॅस होतो आणि फ्रीजचा गॅस जातो. या दोन निदानांवर कितीतरी संसार उभे आहेत. मी म्हटलं, गॅस म्हणजे काही स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, रोज थोडं संपायला. तो बंद नळ्यांतून गोल फिरत असतो, आणि नळी फुटून गेलाच तर आधी गारवा जाईल. मग मी आतलं लोणी काढून ओट्यावर आपटलं. ठक्क आवाज आला. मेकॅनिकने लोण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोनशे रुपये 'व्हिजिट'चे घेतले आणि दिवा-पनवेल मेमू गाठायला नावडे रोड स्टेशनकडे निघून गेला. लोण्यासारखा साक्षीदार मिळूनही खटला मी दोनशे रुपयांनी हरलो.

मग तपास माझ्याकडे आला. रोज रात्री फ्रीजभोवती वर्तमानपत्र पसरायचं आणि सकाळी कुठलं पान भिजलंय ते पाहायचं. पहिल्या दोन्ही दिवशी अग्रलेखाचं पान चिंब होतं. तिसऱ्या सकाळी सगळे पेपर कोरडे! मी खूश झालो. बायको म्हणाली, "काल बटण दाबायचं राहिलं बाई."

इथे गाठ सुटली. आमचा फ्रीज एकदारी, जुन्या वळणाचा. वरच्या कप्प्यात बर्फाची भिंत चढली की फिरकीच्या मधलं बटण दाबायचं. यंत्र थांबतं, बर्फ वितळतो. पावसाळ्यात ही भिंत इतकी भराभर चढते की बायको झोपण्याआधी बटण दाबून मोकळी होते. वितळलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये, तिथून मागच्या पन्हळीत, पन्हळीच्या भोकातून नळीत आणि नळीतून थेट मागे कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच्या वाडग्यात पडतं. कॉम्प्रेसर तापतो आणि ते पाणी परस्पर उडून जातं. बनवणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी! फक्त ते भोक मोकळं हवं. तुंबलं, की पाणी आतच उतरतं, भाजीच्या ट्रेखाली साचतं आणि दाराच्या फटीतून तुमच्या पायाशी येतं.

आणि एवढं पाणी आलं कुठून? तर हवेतून. आपल्या पावसाळी हवेत दर घनमीटरला पंचवीसेक ग्रॅम पाणी असतं, म्हणजे पाच चमचे. फ्रीजमधल्या गारव्यात त्यातले दीड चमचाही हवेत टिकत नाहीत. उरलेले भिंतीला चिकटतात. म्हणजे आम्ही फ्रीजचं दार दर वेळी उघडून 'खायला काही आहे का' असं आत बघत उभे राहतो, तेव्हा खरं तर पाणीच भरत असतो. टँकरवाल्याला हे कळू देऊ नये.

रविवारी फ्रीजचा प्लग काढला. भाजीचा ट्रे उचलला, तर खाली बोटभर पाणी आणि त्यात तरंगणारी एक मिरची. मागच्या भिंतीच्या तळाशी टॉर्च धरला. भोक करंगळीएवढं, आणि त्याच्या तोंडाशी हिरवट काळा गोळा. त्यावर थोडं कोमट पाणी ओतून पाहिलं. ते जिथल्या तिथे उभं राहिलं. मग माळ्यावरून पडद्याची जुनी स्प्रिंग काढली. लोखंडी तारेने नळी फाटते. प्लास्टिकचं कव्हर असलेली ही स्प्रिंग वळणावर बरोबर वळते. हलक्या हाताने पिळत आत घातली, एका जागी अडली, फिरवली, ओढली.

कढीपत्ता निघाला. एक काडी, तिला चिकटलेली सात पानं, कोथिंबिरीची मुळं आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा मेथीच्या जुडीचा रबर. पोह्यातून, आमटीतून, चिवड्यातून आयुष्यभर आम्ही ज्याला ताटाच्या कडेला सारलं, तो तिथे ठाण मांडून बसला होता. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंजने पुन्हा कोमट पाणी सोडलं. आत गुळगुळ झालं आणि फ्रीजच्या मागून, वाडग्यात, टप्प. मग टप्पटप्प. घरात सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी मिक्सर बंद करायला लावला. सिरिंज दहा रुपयांची.

मागचं वाडगंही धुतलं. त्यात काय होतं ते जेवणाच्या वेळी वाचलं जाण्याची शक्यता असल्याने लिहीत नाही.

संध्याकाळी फाट्यावर भाजी घ्यायला गेलो. मावशींनी मेथी, वांगी, मिरच्या पिशवीत घातल्या आणि नेहमीसारखी वर कढीपत्त्याची काडी ठेवली. मी म्हटलं, "मावशी, कढीपत्ता नको."

त्यांचा हात थांबला. "पैसे नाय त्याचे. फुकटचा हाय."

"म्हणूनच नको."

मावशींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि पिशवीत आणखी दोन काड्या टाकल्या.