शिलकीतली शिस्त

आमच्या सोसायटीतले एक काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. खुर्ची सुटली, पण समोरच्याकडे चष्म्यावरून बघायची सवय काही सुटली नाही. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल कुणाचा दंड कापला गेल्याचं कानावर आलं, की त्यांचं प्रवचन सुरू. "बँकेच्या नावानं कशाला बोटं मोडता? खातं तुमचं, पैसे तुमचे, जबाबदारी तुमची. सही करताना अटी वाचल्या होत्या का?"

त्या अटी शेवटपर्यंत वाचून सही करणारा कुणी सापडलाच, तर मागच्या रांगेने त्याला काउंटरवरून उचलून बाहेर ठेवलं असेल.

जबाबदारीला माझी ना नाही. फक्त तिचा हिशेब एकदा मांडून बघावा. बँक मागते ती महिन्याची सरासरी शिल्लक. समजा, अट ३,००० रुपयांची आहे. एकाच्या खात्यात तीसही दिवस २,९०० रुपये गुण्यागोविंदाने पडून आहेत. दुसऱ्याने एकच दिवस ९०,००० आणून ठेवले, दुसऱ्या दिवशी सकाळीच काढून नेले आणि उरलेले २९ दिवस खात्यात शुकशुकाट. ९०,००० भागिले ३०, बरोबर ३,०००. हा जबाबदार ठरला आणि पहिल्याला दंड!

पगाराच्या खात्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. महिन्याला लाखभर पगार घेणाऱ्याच्या खात्यात खडखडाट असला तरी बँक त्याला 'अहो-जाहो' करते. पण त्याची नोकरी जाऊ द्या. काही महिने पगार जमा झाला नाही, की ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिलकीचा नियम लागू. पैसे येत होते तेव्हा ठेवायची सक्ती नव्हती. यायचे बंद झाले, आता ठेवा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा पासबुक माझ्यापुढे धरलं. मशीनमध्ये तिरकं गेल्यामुळे दोन ओळी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, पण १७.७० हा आकडा स्वच्छ दिसत होता. पंधरा रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, दोन रुपये सत्तर पैसे. हा कर वस्तू आणि सेवांवर लागतो. मावशींकडे पैसे नसणं ही वस्तू नव्हे. तेव्हा ती बँकेने पुरवलेली सेवाच असणार.

"दादा, कमी पडले म्हणून कापले," मावशी म्हणाल्या, "मग आता आणखी कमी नाही का पडणार?"

बँकेतल्या भल्याभल्यांना पडत नाही असा प्रश्न! रिझर्व्ह बँकेला मात्र तो पडलेला दिसतो. नोव्हेंबर २०१४ च्या तिच्या परिपत्रकात बँकांनाही जबाबदारी नेमून दिली आहे: शिल्लक घटली की ग्राहकाला कळवा, भरायला महिन्याची मुदत द्या, दंड तुटीच्या प्रमाणात घ्या आणि निव्वळ दंडापायी खातं उणे होऊ देऊ नका. हे परिपत्रक मी काकांना दाखवलं. "मेसेज पाठवला असेल की," ते म्हणाले. पाठवला होता. इंग्रजीत. आणि तो फोन मावशींच्या मुलाच्या खिशात, तो नोकरीला नाशकात.

काकांना आकड्यांशिवाय काही पटत नाही, म्हणून मी आकडे काढले. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ पासून हा दंड पुन्हा सुरू केला. नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये जमले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. एरवी बँकांना मोठमोठ्या कर्जदारांनी घोर लावलेला. त्या घरात मीठ-मिरचीची सोय केली ती या बेशिस्त माणसांनी.

"काका, उद्या सगळेच ग्राहक जबाबदार झाले तर?"

"तसं कधी होत नसतं," काका अनुभवाने म्हणाले.

पण झालं भलतंच. स्टेट बँकेने २०२० मध्येच हा दंड बंद केला होता. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा अशा एकेका सरकारी बँकेने साध्या बचत खात्यांवरचा दंड सोडून दिला. काकांना ही बातमी जिव्हारी लागली. "लोकांना शिस्त राहणार नाही," ते जिन्यातच मावशींना सांगू लागले. "तो दंड नव्हता हो, ती शिस्त होती."

मावशींनी पिशवी खाली ठेवली.

"मग साहेब, शिस्त रद्द झाली असेल तर तिचे सतरा रुपये सत्तर पैसे परत मागायला कुठल्या काउंटरला जायचं?"