खुराडे खाली करण्याबाबत

जागा न सोडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. महसूल खात्यात उमेदवार म्हणून शिरून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडेपर्यंतच्या काळात वहिवाटीच्या जोरावर ठाण मांडलेली कुळे, ओसरीचा एक खण अडवून वाटणीची वाट पाहणारे चुलते, तहकुबीचा अर्ज खिशात ठेवूनच दार उघडणारे पोटभाडेकरू, असे नाना तऱ्हेचे पक्षकार माझ्या दफ्तरातून गेले. परंतु त्या सर्वांना जागा सोडवत नव्हती ती बाहेर आपले काय होणार हे त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून. सेवानिवृत्तीनंतर चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या परसात ज्या नऊ तलंगांनी आणि दोन कोवळ्या कोंबड्यांनी खुराडे खाली करण्यास साफ नकार दिला, त्यांचे कारण याच्या अगदी उलट होते, आणि त्यामुळे हयातभर जमविलेली माझी कायदेकानूंची पुंजी तेथे कवडीमोल ठरली.

हे अकरा जीव जातीने वनराज. परसात मोकळेपणी हिंडून आपले पोट आपण भरील अशी कोंबडी असावी, या हेतूने हैदराबादच्या कुक्कुटसंशोधन संस्थेने ही जात सिद्ध केली. तिचे पाय लांब, म्हणजे शत्रू दिसताच पळ काढता यावा, आणि पिसे रंगीबेरंगी, म्हणजे पाचोळ्यात ती चटकन नजरेस पडू नये. एवढा दूरदर्शी बंदोबस्त करून तिला राजपदाची सनद देणाऱ्या शास्त्रज्ञांना, फणसाचे वाळके पान खाली पडल्याच्या आवाजाने आमच्या राजांना घेरी येते, हे सादर कळवावे अशी इच्छा मला अनेकदा झाली. लांब पायांचा उपयोग मात्र होत असे. त्यांच्या योगाने खुराड्याचा सर्वांत मागचा कोपरा फार लवकर गाठता येई.

पिल्ले एका दिवसाची असताना भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी आली. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ९५ अंश फॅरनहाइटची ऊब, पुढे दर आठवड्यास ५ अंश कमी, अंगाखाली भाताचे तूस, मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून, हा सर्व भाग यथासांग पार पडला आणि त्यात सांगण्यासारखे काही नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास अंगभर पिसे फुटली, तेव्हा त्यांची रवानगी जांभ्या दगडाच्या नव्या खुराड्यात झाली, आणि रात्री मुक्कामाला यायचे ते येथेच ही खूणगाठ मनात बसावी म्हणून काही दिवस दार मुद्दाम बंद ठेवले. खूणगाठ बसली. ती पुढे सुटेना.

दार उघडण्याच्या दिवशी मी, आमचे कुटुंब आणि गडग्यावर चढून बसलेली शेजारची दोन मुले असा लवाजमा समोर उभा होता. आतून कोणी येईना. बऱ्याच वेळाने एक तांबूस तलंग उंबऱ्यापाशी आली, तिने मान पुढे काढली, एक पाय उचलला, त्याची बोटे मिटून घेतली आणि तो तसाच अधांतरी धरून ती उभी राहिली. मग मान कलती करून एक डोळा आभाळाकडे लावला, दुसरा आपसूकच जमिनीकडे वळला, आणि दोन्हींकडून आलेला अहवाल प्रतिकूल असावा, कारण उचललेला पाय पुन्हा आतल्याच तुसावर टेकला. मागच्या दहाजणांनी तेवढ्यावरून समजायचे ते समजून घेतले.

पिलांच्या दृष्टीवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ सांगतात की, दाणा पारखताना पिल्लू प्राधान्याने उजवा डोळा वापरते आणि वरच्या घारीवर पाळत ठेवताना डावा. म्हणजे आमच्याकडे वसुली एकाकडे आणि बंदोबस्त दुसऱ्याकडे असे, तशीच ही चोख कामवाटणी आहे. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे या गृहस्थाने पोरवयापासून कोंबड्या न्याहाळून १९२० नंतरच्या काही वर्षांत असेही दाखवून दिले की, कळपात कोणी कोणास टोचावे याची क्रमवारी ठरलेली असते. हा सेवाज्येष्ठतेचा नियम दाण्याच्या भांड्यापाशी सुलट चालतो आणि धोक्यापाशी उलट, ही पुस्ती माझी; सरकारी चाकरी केलेल्या कोणासही ती नवी वाटणार नाही. उंबऱ्यावर पाठविलेली ती तांबूस तलंग बाकीच्या दहाजणांची टोच खाणारी, आणि दोघे कोंबडे, ज्यांचे फुटक्या आवाजात आरवण्याचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते, ते भिंतीला पाठ लावून तिच्या अहवालाची प्रतीक्षा करीत होते.

सल्लागारांची वाण कधी पडत नाही. माझ्याच वर्षी निवृत्त झालेले एक तलाठी केरसुणी घेऊनच आले आणि बेदखलीचा हा एकच मार्ग आहे असे म्हणून ती आत घालू लागले. त्यांना मी चहा पाजून परत पाठविले, कारण केरसुणीने बाहेर काढलेल्या कोंबडीला, बाहेर म्हणजे जिथे केरसुणी असते ती जागा, एवढेच ज्ञान होते, आणि ते ती मरेपर्यंत विसरत नाही. आमच्या कुटुंबाने निराळीच बाजू घेतली. "अहो, आत बरी आहेत ना ती? पेन्शन सुरू झाल्यापासून तुम्ही तरी ओसरीच्या खाली कुठे उतरलात?" या प्रश्नाचा माझा लेखी खुलासा अद्याप सादर व्हायचा आहे.

खरा निवाडा केला तो खालच्या आळीतल्या आक्कांनी, ज्यांच्या दारात कोंबड्या नाहीत असा दिवस गावात कोणास आठवत नाही. दाराशी वाकून त्यांनी आत एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अण्णा, यांना आय नाय. हुकूम काढून कोंबडं भायेर येत नाय; पोटात भूक पायजे नि दिस कलता पायजे."

या दोन वाक्यांत कुक्कुटशास्त्राची बरीच पाने आली. २१ दिवस आईच्या पोटाखाली उबलेले पिल्लू बाहेर पडल्यावर तिच्या मागोमाग हिंडते. दाणा सापडला की ती टुकटुक करून तो उचलते, पुन्हा खाली टाकते आणि चोचीने दाखविते. घार दिसली तर एक लांबट सूर काढते, आणि मांजर अथवा मुंगूस दिसले तर निराळा, तुटक कलकलाट करते, जेणेकरून दडायचे की सावध उभे राहायचे हे पिलांस समजावे. आमची पिल्ले यंत्रात उबली, दिव्याखाली वाढली. त्यांना आभाळ म्हणजे काय आणि अळी कोणत्या बाजूने खायची हे सांगणारे कोणी भेटलेच नाही. अशा जिवाने उंबऱ्यावर पाय अधांतरी धरला तर त्यास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. पुरावा समोर आल्याविना निकाल न देणे, हा गुण मी पुष्कळ मामलेदारांत शोधीत राहिलो.

मग आक्कांच्या सांगण्याप्रमाणे तजवीज झाली. दुपारचा दाणा तहकूब. दिवस मावळण्यास तासभर उरला असता दार उघडायचे आणि भिजविलेल्या कण्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर टाकायच्या. कोंबडीला काळोखात फारसे दिसत नाही, सबब उजेड उतरू लागताच ती रात्रीच्या जागी परतते. त्यामुळे पहिल्या सफरीत लांब जाण्यास वेळच उरत नाही, आणि परतण्याचा हुकूम खुद्द सूर्याकडून सुटल्याने त्यावर अपील चालत नाही. पुढे रोज दार थोडे थोडे आधी उघडीत जायचे, आणि जागा ओळखीची होईपर्यंत नवी बादली, वाळत घातलेले लुगडे किंवा पाहुणा समोर आणायचा नाही.

शिवाय आक्कांनी आपली एक म्हातारी गावठी कोंबडी उसनवारीवर दिली. बाई करारी होती. नवख्यांना टोचून टोचून रक्त काढण्याचा जुन्या कोंबड्यांचा रिवाज असल्याने प्रथम तिला जाळीपलीकडे ठेवून उभयपक्षी तोंडओळख करून दिली, आणि त्यानंतरही पहिल्या भेटीत तिने दोघा कोंबड्यांची जी हजेरी घेतली ती पाहून मला माझा परिवीक्षेचा काळ आठवला. परंतु संध्याकाळी दार उघडताच ती सरळ बाहेर गेली, पाचोळा दोन्ही पायांनी मागे उडविला आणि टुकटुक केली. तांबूस तलंगेने पाय उचलला, धरला, आणि या वेळी बाहेरच्या मातीवर टेकला. मातीचा ओलावा तिला नापसंत पडल्याचे स्पष्ट दिसले. तरी तिने एक कणी टिपली, आणि कणी टिपली गेली हे पाहताच वरिष्ठ मंडळी तिला बाजूस सारून पुढे झाली.

परीक्षा झाली ती पुढे एका दुपारी. माडांवरून घारीची सावली अंगणभर सरकली, म्हातारीने तो लांबट सूर काढला, आणि निमिषार्धात अंगण रिकामे! तलंगा अबोलीच्या ताटव्यात अशा दडल्या की मलाच सापडेनात. कोंबडे स्वयंपाकघरात शिरून विळीमागे उभे राहिले, ज्याला धैर्य म्हणावे की अज्ञान, हे ठरविणे कठीण. घार निघून गेल्यावर सर्वांआधी बाहेर आली ती तांबूस तलंग, आणि तेव्हापासून तिला टोचण्याचे प्रमाण बरेच घटले आहे.

म्हातारीला तांदळाच्या पायलीसह सन्मानाने परत पाठविले. आता तक्रार निराळी आहे. पहाटे दार उघडले की सगळी मंडळी गडगा ओलांडून नाहीशी होतात, अंडी आक्कांच्या गवताच्या गंजीत घालतात, आणि आक्का त्यांतील निम्मी परत करतात, ही वहिवाट मी निमूटपणे मान्य केली आहे. दोघांपैकी एक कोंबडा आणि दोन तलंगा आम्हाला देऊन टाकायच्या आहेत. ज्या कोणास हव्या असतील त्यांनी दिवस मावळल्यावर डालगे घेऊन यावे. दिवसा त्या सापडत नाहीत.