हुकूम इंग्रजीत, दुःख मराठीत!

अहो, ऐकलंत का? नसेल ऐकलं, तर संध्याकाळी बारामतीच्या भिगवण रोडला एक चक्कर मारा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम ताठ उभा राहायचा, पोरगा इंजिनिअर झाला तेव्हा "बरं झालं" एवढंच म्हणून ज्यांनी चहा मागितला, ते आमच्या ओळखीचे बागायतदार हातात गुलाबी पट्टा धरून, कमरेत वाकून एका केसाळ पांढऱ्या जिवाला विचारत होते, "दमलं का माझं सोनं? उचलून घेऊ का?" भर रस्त्यात! चारचौघांत! नातवाला उचलायची वेळ आली की याच माणसाची कंबर धरते.

आणि हे काही बारामतीपुरतं नाही हं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यासारखं हे वेड पार इंदापूरपर्यंत पोचलंय. भवानीनगरच्या कारखान्याकडं बघा, वालचंदनगरच्या निवृत्त मंडळींकडं बघा, निमगाव केतकीच्या डाळिंबवाल्यांकडं बघा. एके काळी दावणीला बैलजोडी कसली आहे यावरून घराची पत ठरायची. मग अंगणात बुलेट आली, मग पांढरी फॉर्च्युनर आली. आता सोयरीक जमवायला आलेले पाहुणे पोहे खाता खाता विचारतात, "तुमच्याकडं ब्रीड कुठलं?" लॅब असेल तर मंडळी साधी. जर्मन शेफर्ड असेल तर बरी. हस्की असेल तर विचारायलाच नको! सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारं जनावर एप्रिलातल्या बारामतीत आणून बसवलंय आणि त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू. त्या घरची सून गेली दोन वर्षं एसी मागत होती म्हणे. तिला उत्तर मिळालं होतं, "उकाडा काय, सगळ्यांनाच होतो." सुप्याकडच्या जिरायती भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, आणि इकडं यांच्या कुत्र्याला शाम्पू निराळा, कंडिशनर निराळा.

वाढदिवसाचं तर बोलूच नका. परवा चौकात फ्लेक्स लागला. वर 'कोटी कोटी शुभेच्छा', मधोमध गॉगल घातलेला डॉबरमन, खाली शुभेच्छुकांचे बारा फोटो. आम्हाला आधी वाटलं, कुणी नवा कार्यकर्ता उगवला. शेजारी उभा असलेला पानवाला म्हणाला, "निदान हा पक्ष तरी बदलणार नाही." यावरून आठवलं. 2024 च्या लोकसभेला नणंद-भावजयीची लढत झाली, तेव्हा इथं एका ताटात जेवणारे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. घरातलं कुत्रं तेवढं दोन्ही गटांच्या चपला सारख्याच निष्ठेनं कुरतडत होतं. तेव्हापासूनच त्याचा भाव वधारला, असं आमचं ठाम मत आहे.

बरं, या लोकांना काही विचारायची सोय नाही. लगेच चेहरा गंभीर करून सांगतात, "आधार वाटतो हो. मनाला बरं वाटतं." आणि या कटात सामील कोण, तर शास्त्रज्ञ! न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. माणसांशी बोलायला तयार नसलेलं पोरगं त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मात्र खेळायला लागलं आणि त्यातूनच पुढं बोलतं झालं. 1960 च्या सुमारास त्यांनी हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं, तर फीमधला कितवा हिस्सा कुत्र्याला देता, असं विचारून लोक हसले, असं सांगतात. म्हणजे टवाळी करणारे फक्त आपल्याकडंच नाहीत, एवढं समाधान.

पण पुढं हसणारे गप्प झाले. 2015 साली जपानच्या मिहो नागासावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध छापला. मालक आणि कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढतं. तान्ह्या बाळाकडं बघताना आईच्या शरीरात जे वाढतं, तेच. आता कळलं ना, बागायतदारांच्या तोंडून 'माझं सोनं' कुठून येतं ते? यात एक बारकावा आहे बरं का. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांवरही हा प्रयोग केला, तिथं मात्र डाळ शिजली नाही. तेव्हा इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर लांडगे बघायला गेलात, तर आधाराची अपेक्षा ठेवू नका. 2019 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या पाहणीत तर विद्यार्थ्यांनी फक्त दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं आणि त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. दहा मिनिटं! आपल्याकडं तेवढ्या वेळात पाहुण्याचं 'येतो मग' सुद्धा पुरं होत नाही.

आपली माणसंही मागं नाहीत. मिनल कविश्वर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशननं मुंबई-पुण्याकडं शिकवलेली कुत्री विशेष मुलांच्या शाळांत आणि दवाखान्यांत नेली. मुंबईच्या विमानतळावर 2023 पासून प्रवाशांचा ताण हलका करायला कुत्री हजर असतात. अमेरिकेत मात्र या आधाराचा अतिरेक झाला. 2018 साली नेवार्कच्या विमानतळावर एका बाईंनी 'हा माझा भावनिक आधार' म्हणून चक्क मोर आणला, आणि विमान कंपनीनं त्याला चढू दिलं नाही. 2021 पासून तिथला नियमच बदलला. शिकवलेल्या सेवा-कुत्र्याला विमानात मान, बाकीचे 'आधार' पाळीव प्राण्यांत जमा. आमच्या बारामती तालुक्यातल्या मोरगावला मयूरेश्वर किती काळापासून मोरावर बसलाय, त्याला कुणी तिकीट विचारलं नाही!

हे सगळं नवं खूळ म्हणून नाक मुरडावं, तर तिथंही पंचाईत. जेजुरीचा खंडोबा इथून काही लांब नाही, आणि त्याच्या पायाशी कुत्रा आहेच. त्याचे वाघ्ये तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात, कोटंब्यात वाढलेलं खातात. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तुम्ही-आम्ही शाळेत ऐकलीय. आज ते भिगवण रोडला असते तर आपण त्यांचाही व्हिडिओ काढला असता. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा घ्या. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. त्याची समाधी संगम माहुलीला आजही आहे. डॉबरमनच्या फ्लेक्सला आम्ही नावं ठेवली खरी, पण पालखीपुढं फ्लेक्स म्हणजे काहीच नाही.

फरक एवढाच, की खंड्या राखण करत होता. आमच्या धनगरांची कुत्री अजूनही करतात. मेंढरांमागं दिवसभर चालायचं, रात्री वाघरीभोवती जागायचं आणि मिळेल ती भाकरी खायची. बंगल्यातल्या कुत्र्याची राखण मात्र बंगलाच करतो. उसात बिबट्या आल्याची नुसती कुजबुज झाली की कुत्रं आत, दार बंद. याला कारणही आहे. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेयांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. तर बिबट्याच्या निमित्तानं एकदा आत आलेलं कुत्रं आधी ओसरीवर, मग सोफ्यावर, मग सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी. त्याच सासूबाई, ज्यांनी "देवघराकडं फिरकलं तर बघा" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं! आता स्वतः साय काढून ठेवतात आणि वर म्हणतात, "मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय?" त्यांना मात्र सांगायला हवं, की इंदापूरची द्राक्षं परदेशात जात असली तरी घरच्या कुत्र्याला एकही देऊ नये. द्राक्षांनी आणि मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदाही नको.

आता खरी खमंग गोष्ट. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच, आणि भिंतीला कान असतात ते आमचेच. दिवसभर तिकडून "सिट! नो! कम हिअर!" असं चालू असतं. ज्यांना ग्रामसेवकाशी इंग्रजीतला एक शब्द बोलता येत नाही, ते कुत्र्याशी साहेबासारखे बोलतात. पण रात्री दहानंतर भाषा बदलते. "कारखान्याचं बिल अजून आलं नाही बघ." "डाळिंबावर तेल्या आला, औषधं मारून हात टेकले." "पोराचा फोन नाही आज. कामात असेल." हे वाक्य तर रोजचं. मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात, मुलगी सासरी, घराला खोल्या सहा आणि माणसं दोन. त्या दोघांनी एकमेकांना हे सांगायचं तर चाळीस वर्षांची सवय आड येते. तिनं ऐकलं तर ती काळजी करणार, भावानं ऐकलं तर गावभर होणार, मित्रानं ऐकलं तर तो आपलं याहून मोठं रडगाणं सुरू करणार. कुत्रं पायावर हनुवटी ठेवून पडतं, "पण मी काय म्हणतो" असं म्हणत नाही आणि सकाळी चहाच्या टपरीवर जात नाही.

हे ऐकल्यापासून आमची जीभ जरा जड झालीय, तरी तक्रार आहेच. कुत्रं काही डॉक्टर नाही. कुणाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला माणसाकडं, डॉक्टरकडं न्यायला हवं. पिल्लू आणून देऊन जबाबदारी संपत नाही. आणि ज्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवलंय, त्या जनावरानं रात्री आपलं मन हलकं करावं, ही अपेक्षा जरा निर्लज्जपणाची आहे.

राहिली माळावरची कुजबुज, तीही सांगून टाकते. पुणे जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगे आणि कुत्री यांची संकरित जनावरं सापडलीत, जनुकीय तपासणीत पक्की ठरलीत. भटकी आणि सोडून दिलेली कुत्री माळावर गेली की लांडग्यांच्या कळपात शिरू शकतात, सोबत रोगही नेऊ शकतात. तेव्हा हात जोडून सांगते. पाळायचंच तर गल्लीतलं गावठी पिल्लू उचला, त्याला इथला उन्हाळा सोसतो. दर वर्षी रेबीजची लस टोचा. आणि हौस फिटली म्हणून त्याला गाडीत घालून सुप्याच्या नाहीतर कडबनवाडीच्या माळावर सोडून येऊ नका.